मागची सीट

पालघरच्या बाजारात वालाची पापडी आली की इतरांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझी भूक मरते. परवा टोपल्या घेऊन बसलेल्या बायांपुढे हिरवीगार, दाण्यांनी भरलेली पापडी दिसली आणि भावही न करता मी पिशवी पुढे केली. बाई म्हणाली, "घे ताई, आजच तोडलीय, कवली हाय." मी नुसती मान हलवली. कोवळी असो की जून, मला ती मिक्सरमधून काढून चमच्यानं भरवायची आहे, हे तिला कशाला सांगू?

तर हिवाळा आला. बोईसरला तो काही मोठ्या थाटात येत नाही. स्वेटर सकाळी काढावा आणि दुपारी घडी घालून ठेवावा, इतपतच. पण पहाटेची हवा जड होते आणि कारखान्यांचा वास खाली उतरून थेट दारात येऊन बसतो. आम्ही कऱ्हाडकडचे. लग्न होऊन इथं आले तेव्हा त्या आंबूस वासानं मला अन्न गोड लागेना. हे म्हणायचे, "शैला, हा पगाराचा वास आहे. होईल सवय." झाली सवय. आता पगार नाही, वास आहे.

हे म्हणजे माझे यजमान. एका रसायनाच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. पंप, व्हॉल्व्ह, पाइप. हातात पाना आला की माणूस खुलायचा. आता पुढच्या खोलीत खिडकीपाशी खाटेवर असतात. डोकं लख्ख आहे, डोळे लख्ख आहेत, फक्त शरीरानं त्यांचं ऐकणं सोडून दिलंय. मी पापडीच्या शिरा काढायला बसले की ते माझ्या हातांकडे टक लावून बघतात, आणि मग त्यांची नजर भिंतीवर जाते. तिथं अजून गाडीची किल्ली लटकते. गाडी नाही. नवी कधी घेतलीच नाही. किल्ली जुन्या मोटारसायकलची आहे. ती विकली तेव्हा घेणाऱ्याला एक दिली, दुसरी यांनी दिली नाही.

त्या मोटारसायकलवर आमचे रविवार गेले. सकाळी डबा घ्यायचा, पालघर, माहीम करत केळव्याला जायचं, येताना शिरगावच्या किल्ल्यापाशी थांबून भिंतीला टेकून डबा खायचा. मी साडीवाली, मागे एका बाजूला पाय टाकून बसणार. त्यामुळे इतकी वर्षं हा सगळा मुलूख मी फक्त डाव्या बाजूनं पाहिला. केळव्याकडे जाताना मला वाड्या दिसायच्या, नारळ, सुपारी, त्यांच्यामधली ओली लाल वाट. समुद्र दिसायचा तो परत येताना. समोरचं असं मला काही दिसायचं नाही, समोर यांची पाठ. कुठं खड्डा आहे हे मला त्यांच्या पाठीवरून कळायचं.

त्याच पाठीला आधी काहीतरी झालं. वळणावर ती जेव्हा कलायला हवी, त्याच्या जरा मागाहून कलायला लागली.  मला वाटलं, वय झालं.

मग चालताना ते डुलायला लागले. आता इकडे हिवाळा म्हणजे ताडीचे दिवस. झाडांना मडकी लटकतात, नाक्यानाक्यावर ग्लास मिळतो. या दिवसांत रस्त्यानं कोणी झोकांड्या खात चालला तर कोणी दोनदा वळून बघत नाही. यांनी उभ्या जन्मात थेंब घेतलेला नाही, पण ते कोण लक्षात ठेवतो? खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात गाठून हळूच विचारलं, "वहिनी, भाऊंनी सुरू केली का हो?" कंपनीच्या गेटवर वॉचमननं तोंडाचा वास घेतला. केळव्याचे हरेश्वरभाऊ, ज्यांच्या वाडीत आम्ही दर हिवाळ्यात पापडी आणि कोनफळासारखे कंद मडक्यात शिजवून केलेली उकडहंडी खायला जायचो, ते तर हसून हसून बेजार. "अवो शिंदे, कोनाच्या झाडाची घेतलीत? आमाला सोडून घेतलीत ना?" आम्ही सगळे हसलो. हेही हसले, खांबाला धरून. तो अख्खा हंगाम आम्ही ताडीच्या थट्टेत घालवला. जिथं ताडी पीत नाहीत अशा गावात असतो, तर कोणीतरी आधीच म्हणालं असतं की या माणसाला डॉक्टरकडे न्या.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी मुंबईच्या डॉक्टरांनी फोटो समोर धरला. मेंदूच्या मागच्या बाजूला तोल सांभाळणारा भाग असतो, तो सुकत चाललाय, म्हणाले. यावर औषध नाही. व्यायाम करा, पडू नका, दुचाकी आजपासून बंद. हे फोटोकडे बघत होते. शेवटच्या वाक्याला म्हणाले, "आणि तीनचाकी?" डॉक्टरांना वाटलं, रिक्षाचं विचारतायत. "चालेल की," ते म्हणाले. तेवढ्या दोन शब्दांवर आमचा तो हिवाळा उभा राहिला.

पापडी, कोनफळ, पहाटेचा वास आणि तीन चाकं. तो हंगाम मला असाच आठवतो, सगळं एकमेकांत मिसळलेलं.

हे रोज मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ लावायचे. पुढे दोन चाकं, मागे एक, अशा मोटारसायकली. गोरा माणूस हात सोडून चालवतोय तरी गाडी पडत नाही. थांबली तरी पाय टेकावा लागत नाही. हे पुन्हा पुन्हा ती थांबण्याचीच जागा बघायचे. "बघ, पाय टेकला नाही," मला म्हणायचे, जणू त्या माणसानं आकाशात उडी मारली होती. त्यातूनच आणखी दोन शब्द घरात आले. स्पोर्टी आणि टूरिंग. स्पोर्टी म्हणजे बुटकी, हलकी, एका माणसाची. टूरिंग म्हणजे लांब, जड, मागे पाठ टेकायला गादी, पाय ठेवायला पाट, सामानाला पेटी, आणि मागच्या सीटवर दुसरं माणूस.

तसली गाडी आपल्या आवाक्यातली नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण सालवडला रामसजन मिस्त्रींचं गॅरेज होतं. पायानं अधू असलेल्या लोकांना ते गाड्यांना जादा चाकं लावून द्यायचे. यांनी त्यांना व्हिडिओ दाखवला. मिस्त्रींनी हात पुसून नीट पाहिला आणि म्हणाले, "आगे दो पहिया अपने बस का नहीं है, शिंदे साब. पीछे दो कर देंगे. स्पोर्टी बोलो तो स्पोर्टी, टूरिंग बोलो तो टूरिंग. स्पोर्टी हल्की रहेगी, टूरिंग में भाभी जी आराम से बैठेंगी. आप लोग घर में फैसला कर लो, बाकी कागज का मैं देखता हूँ."

घरात फैसला. इथंच आमचं घोडं अडलं.

मी म्हणायचे, स्पोर्टी घ्या. एक तर हलकी, सांभाळायला सोपी. आणि दुसरं असं की, ज्या माणसाला आता न्हाणीघरापर्यंत हात धरून न्यावं लागतं, त्याला दिवसातून थोडा वेळ तरी एकटं कुठंतरी जाता यावं, असं मला मनापासून वाटत होतं. हे दुसरं मी बोलून दाखवलं नाही. "मला काय करायचंय मागे बसून?" एवढंच म्हणायचे. "गिऱ्हाइकांचे ब्लाउज कोण शिवणार? तुम्ही फिरा मोकळे."

हे म्हणायचे, टूरिंगच. "इतकी वर्षं तू एका कुशीला बसून आलीस. टूरिंगला तू समोर तोंड करून बसशील. मी काय बघत आलो, ते तुला कधी दिसलंच नाही."

"काय बघत आलात असं मोठं?"

"बघशील तेव्हा कळेल."

मी भाजी निवडत ऐकायचे आणि पुन्हा म्हणायचे, स्पोर्टी. ते म्हणायचे, टूरिंग. शेजारणीला वाटायचं आमचं भांडण चाललंय. खरं तर कित्येक वर्षांत आम्ही एकमेकांशी इतकं बोललो नव्हतो.

एका दुपारी बिल्डिंगच्या गच्चीवर गेले तर हे फरशीवर बसकण मारून पुढे पुढे सरकतायत आणि माझे शिवणाचे खडू संपवतायत. फिटर माणूस, पत्रा कापायच्या आधी आखून घ्यायची जुनी सवय. त्यांनी दोन्ही गाड्या जमिनीवर खऱ्या मापात आखल्या होत्या. हात कापत असल्यामुळे रेषा थरथरत गेलेल्या, पण माप चोख. स्पोर्टी आखून झाली होती. टूरिंगच्या मागच्या सीटपाशी ते अडले होते. मला म्हणाले, "उभी राहा जरा." आणि माझ्याच टेपनं माझ्या कमरेचं माप घेतलं. मी म्हटलं, "जगाची मापं मी घेते आणि माझं माप घ्यायला म्हातारपणी हा शिंपी मिळाला." ते माप घेऊन टेपकडे बघत म्हणाले, "मिस्त्रीला पत्रा जास्त लागणार." मग त्यांनी खालून प्लास्टिकची दोन स्टुलं आणायला लावली. एक त्यांच्या जागी, एक माझ्या. बसलो. माझ्यासमोर तीच पाठ, पण या वेळी मी तिच्या बरोबर मागे होते, माझं स्टूल जरासं उंच, त्यामुळे खांद्यावरून पलीकडचं दिसत होतं. वाळत घातलेल्या चादरी, पाण्याच्या टाक्या, लांबवर धुराडी. "दिसतंय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. चादरी बघून माणसाला हुंदका येतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांना पाठीमागचं दिसत नव्हतं, ते बरं झालं.

तरी ऑर्डर दिली नाही. का? तर शटडाऊन तोंडावर होतं.

हा शब्द आमच्याकडच्या प्रत्येक कामगाराच्या घरात भाजी-भाकरीसारखा असतो. वर्षातून एकदा प्लांट पूर्ण थांबवतात आणि सगळी दुरुस्ती तेव्हा करतात. तोवर कुठं थेंब थेंब गळत असेल तर फडकं बांधायचं आणि म्हणायचं, शटडाऊनला बघू. मेंटेनन्सच्या माणसाच्या हाडात हे मुरतं. आमचा नळ गळायचा, शटडाऊनला बघू. माझी दाढ दुखायची, शटडाऊनला बघू. कंपनीनं यांना आता स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलं होतं, पण ऐन शटडाऊनला सुटे भाग कुठं आहेत ते यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. "एवढं एक शटडाऊन होऊ दे," ते म्हणाले, "मग निवांत ट्रायल घेऊन ठरवू. ट्रायलशिवाय मी कशावर सही केलेली नाही."

पंप थांबवला की थांबतो. वर्षभर झाकून ठेवला तरी आहे तिथंच असतो. यांनी स्वतःलाही तेच धरलं. फडकं बांधून ठेवलं की गळती थांबते, असं इतक्या हुशार माणसाला वाटलं. मलाही वाटलं, मी तरी कुठं घाई केली?

शटडाऊन संपलं तेव्हा पापडी जून होत आली होती. आम्ही रिक्षा करून सालवडला गेलो. मिस्त्रींनी कुणा चिंचणीच्या गिऱ्हाइकाची तयार झालेली तीनचाकी ट्रायलसाठी ठेवली होती. गॅरेजच्या मागे मैदान, तिथं सुट्टीचे कामगार क्रिकेट खेळत होते. त्यांनी खेळ थांबवून जागा करून दिली. हे बसले. बसल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी मनात म्हटलं, टूरिंग तर टूरिंग, आता मी हरले.

गाडी सुरू झाली. क्लच सोडला आणि ती उडी मारून बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा उडी. मग एकदाची निघाली, आणि सरळ बरी गेली. वळताना यांनी जन्मभराच्या सवयीनं अंग आत कलवलं. पण तीन चाकांची गाडी कलत नाही, तिला हँडलच वळवावं लागतं, आणि तो हुकूम यांच्या हातापर्यंत पोचायला वेळ लागला. गाडी मैदानाच्या कडेच्या बाभळीकडे निघाली. मी बघत होते, यांचा उजवा हात ब्रेक शोधत होता. ब्रेक होता तिथंच होता. हात त्याच्या अलीकडे, पलीकडे, वर, असा चाचपडत होता. मिस्त्री पळत गेले आणि त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

 क्रिकेटवाले चेंडूकडे बघत उभे राहिले. हे तसेच सीटवर बसून होते. मग म्हणाले, "सीट उंच आहे."

मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "हाँ, शिंदे साब," ते म्हणाले, "सीट थोड़ी ऊँची है. नीचे करनी पड़ेगी."

रिक्षातून परत येताना मला रडू आलं नाही, राग आला. कोणावर, ते सांगता येत नाही. शेजारी हे दांडीला घट्ट धरून बसले होते, वळण आलं की माझ्या अंगावर येत होते. मग म्हणाले, "ही पण तीनचाकीच आहे." मी म्हटलं, "हो, आणि मागची सीट ऐसपैस आहे." दोघंही हसलो. त्या हसण्याइतकं वाईट मी काही ऐकलेलं नाही.

त्याच आठवड्यात हरेश्वरभाऊंचा निरोप आला. आता त्यांना सगळं कळलं होतं, आणि ताडीवरून केलेली थट्टा त्यांच्या जिवाला लागून राहिली होती. "तुमी या, हंडी लावतू. गाडी नाय झाली तं नाय झाली, मी रिक्षा धाडतू." गेलो. वाडीत विस्तवातून हंडी काढली, पाला बाजूला केला, ओव्याचा आणि पापडीचा वास आला. भाऊंनी यांच्यासाठी कोनफळ सोलून दिलं. यांना ते घशाखाली उतरेना. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, भाऊ पाठ चोळत राहिले. सुपारीच्या झाडांखाली मुंबईची मंडळी फोटो काढत होती. मला वाटलं, त्या मंडळींना सांगावं, जरा गप्प बसा. पण त्यांचं काय चुकलं होतं? हंगाम त्यांचाही होता.

त्यानंतर गाडी होणार नाही हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. तरी संध्याकाळी दिवा लावून झाला की हे मोबाइल मागायचे, व्हिडिओ लावायचे आणि म्हणायचे, टूरिंग. मी म्हणायचे, स्पोर्टी. मिस्त्रीही महिन्याकाठी फोन करायचे, "सीट नीचे कर रहा हूँ, साब, थोड़ा टाइम लगेगा." गच्चीवरच्या खडूच्या रेषा पुसट होत गेल्या. मुलांनी त्यावर ठिकरीची घरं आखली. जे घ्यायचंच नाही, त्यातलं कोणतं घ्यायचं, यावर आम्ही जगत होतो. लोक देवावर जगतात, आम्ही या खोट्या निवडीवर. वाईट याचं वाटतं की तेवढंही पुरलं नाही.

कारण मग बोलणं गेलं. आधी शब्द जड झाले, मग ओले झाले, मग मलाही कळेनासे झाले. तेव्हा आम्ही बोटं ठरवली. एक बोट म्हणजे एका सीटची, स्पोर्टी. दोन बोटं म्हणजे टूरिंग. मी रोज विचारायचे, ते रोज दोन बोटं दाखवायचे. हात खाटेवरून उचलायलाही कष्ट पडत, पण दुसरं बोट वर आल्याशिवाय खाली ठेवायचे नाहीत. कधी कधी ते दुसरं बोट यायला इतका वेळ लागे की व्हिडिओ संपून जाई. मी थांबायचे.

यंदाच्या थंडीत डॉक्टर घरी येऊन गेले. भरवण्यासाठी पोटात नळी घालायची का, असं त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. बाजूला म्हणजे कुठं, दोन खोल्यांचं घर. यांनी ऐकलं असणार. डॉक्टर गेल्यावर मी खाटेपाशी आले तर ते खिडकीतून बाहेर बघत होते.

आज संध्याकाळी पापडी शिजवून, वाटून, गाळून त्यांना भरवली. ओवा घातला होता. चार चमचे गेले, मग त्यांनी तोंड मिटलं. मी तोंड पुसलं, दिवा लावला, मोबाइल समोर धरला. तोच गोरा माणूस, तोच रस्ता. थांबला, पाय टेकला नाही. मी रोजच्यासारखं विचारलं, "मग? कोणती घ्यायची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात उचलायला वेळ लागला. एक बोट वर आलं.

मी थांबले.  व्हिडिओ संपला, पडदा काळा झाला, तरी मी मोबाइल तसाच धरून बसले. त्या हिवाळ्यापासून मीच म्हणत आले होते ना, एका सीटची घ्या म्हणून. दुसरं बोट येईल म्हणून मी त्या हाताकडे बघत राहिले. त्यांनी हात खाली ठेवला.